मागे राहिलेली मेंढी

गोबीच्या उत्तरेला, वसतिगृहाच्या न्हाणीत
तोट्या सहा, त्यातल्या चार नोव्हेंबरपासून मुक्या.
पिंपातलं पाणी मी किटलीत कोमट करते,
एकेकाच्या पेल्यात दोन घोट ओतते.
बाहेर उणे एकतीस.
आत एकोणीस मुलं, एकोणीस ब्रश,
प्रत्येकाच्या दांड्याला बांधलेली लोकर,
ज्यानं त्यानं आपल्या कळपातली आणलेली.

डोलगोनची करडी.
वय सहा. सप्टेंबरात बापानं मोटरसायकलवरून आणून सोडला,
तेव्हापासून ब्रश कोरडा.
मी अंगठ्यानं केस चाचपते,
तो छताकडे बघतो.

सगळं करून पाहिलं.
दातांच्या कण्या केल्या.
फळ्यावर किडे काढले, शिंगंवाले, लाल डोळ्यांचे,
तर मुलांना किडेच आवडले,
नोमूननं त्यांना नावंसुद्धा ठेवली.

शेवटी एका रात्री विचारलं,
अरे, घोडं अडतंय तरी कुठे?
तो म्हणाला, घोड्याचंच तर आहे, बाई.
बाबा घोडीचा ओठ वर करतात,
दात बघून वय सांगतात.
आमची काळी सतरा वर्षांची.
तिचे कुणी घासत नाही.

यावर काय बोलणार?
घोडी काही कागदातलं चॉकलेट खात नाही,
हे उत्तर मला सुचलं अंथरुणात,
नेहमीसारखं, दिवा मालवल्यावर.

सकाळी मी कवळी काढून पेल्यात ठेवली.
आधी किंकाळ्या. मग एकोणीस माना पेल्यावर.
हे तुमचं, त्सेरेनखांड बाई?
माझं. याआधी माझे स्वतःचे होते.
मीही याच न्हाणीत उभी राहायचे,
पण मी हुशार,
ब्रश नुसता ओला करून ठेवायचे.
(बोलताना हवा निसटत होती,
निम्मे शब्द त्यांना ओळखावे लागले.)
डोलगोन तेवढा हसला नाही.

त्याला मी बाजूला घेतलं. विचारलं,
सांजेला कळप आणताना मागे कोण राहतं?
लंगडी, तो लगेच म्हणाला,
आणि एक म्हातारी, तिला ऐकू येत नाही.
दोघी टेकडीच्या पलीकडेच थांबतात.
मग?
मग जायचं परत. लांडगा असतो ना.
कंटाळा आला तरी?
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मलाच ओशाळं वाटलं.

तुझ्या तोंडात टेकडी कुठे, सांग.

जीभ गालाआडून निघाली,
हळूहळू, एका अंगानं दुसऱ्या अंगाला,
आणि अगदी टोकाशी अडखळली.
तिथे एक नवी दाढ वर येत होती.
आली कधी, त्याला पत्ताच नव्हता.
ही दुधाची नाही, मी म्हटलं.
ही गेली की गेली.

त्या रात्री पुढचे दात त्यानं पाहिलेही नाहीत,
ब्रश घेऊन थेट टेकडीपलीकडे.
हनुवटीवर फेस, डोळे मिटलेले,
मध्येच थांबून जिभेनं मोजणी,
पुन्हा मागे.
बाकीचे झोपायला गेले.
किटली गार झाली.
मी काही बोलले नाही,
पुढच्यांचं बघू नंतर.

पांढऱ्या महिन्याचा सण करून परतला,
तो खाली, मधोमध, खिडकी घेऊन.
दात कुठे रे?
कुत्र्याला दिला. आईनं मेंढीच्या चरबीत गुंडाळला,
म्हणजे नवा येईल तो कुत्र्यासारखा पक्का.
जरा घुटमळला. मग जवळ येऊन सांगितलं,
देण्याआधी मी तो घासला, बाई.
हातात धरून. मागच्या बाजूनंसुद्धा.

मी पेला पुढे केला,
दोन घोट ओतले, मग तिसराही.
पाण्याची गाडी उद्या येणार आहे,
निदान तसं म्हणतात.